खुंटीखालची जमीन

सांगायला लावतोसच म्हण की. तुला भिंतीला भोकं पाडायला बोलावलाय, मिस्त्री, चौकशीला नाय. पण लाइट गेली, दोन वाजेपर्यंत काय ती येत नाय, आणि तू मशीन मांडीवर घेऊन बसलायस, हाताला काम नाय तर तोंडाला पाहिजे — म्हणून विचारतोस, बाबा, या कोळशाच्या खुणा एवढ्या खाली कशा, घरात शाळेतली पोरं हायत का. नायत. एक नात हाय, ती अजून रांगते, तिला खुंटी कशाला. मग चुकून काढल्या असतील? चुकून नाय काढल्या. सकाळी चहा व्हायच्या आधी काढल्यात, एकेक, काठीनं मोजून — ती बघ काठी, कोपऱ्यात — आणि जिथं खूण हाय तिथंच भोक पडलं पाहिजे, बोटभर वर नाय न बोटभर खाली नाय. माझा पोरगा मुकेश संध्याकाळी कामावरून येईल, तो तुला सांगेल साडेपाच फुटावर मार, दारामागं मार, सगळ्या एका रेघेत मार. त्यानं यायच्या आधी हे झालं पाहिजे. त्याच्याही आधी. तीनच्या गाडीनं खर्डीला माणूस उतरतंय, तिथनं रिक्षा, म्हणजे साडेतीन धर. साडेतीनला हे काम दिसलं पाहिजे.

आणि ते हूक बाजूला ठेव. ते लावायचे नायत. मुकेशनं कल्याणवरनं आणलेत, एका पट्टीवर सहा, कवळी काढून ठेवल्यासारखे दिसतात. टोक बघितलंस? कॉलरीला भोक पाडतं. टॉवेल टांगला तर घसरून खाली. मला म्हणतो, बाबा, हल्ली असेच असतात. हल्ली असेच असतात म्हणजे काय — हल्ली शर्ट बदलला का माणूस बदलला? ती गोणी उघड. त्यातल्या खुंट्या लावायच्या. ऐनाच्या लाकडाच्या हायत. सात. माझ्या हातानं तासल्यात, अडुसष्ट साली, कोयत्यानं, घाटातनं खांद्यावर लाकूड आणून. पुढनं जरा उचललेल्या, म्हणजे कपडा जागचा हलत नाय. न टोकाला गोल. तू सुतार हायस, हात फिरव जरा — लोण्यासारखं लागतं का नाय? मी एवढं गुळगुळीत नव्हतं केलं. ते नंतर झालं. कोणाच्या हातानं म्हणजे? कपड्यांनी झालं, आणखी कशानं. तू भोक पाड, मागं पाचर ठोक, सिमेंट भर. जमत नसेल तर आताच सांग, मी दुसरा बघतो.

वर का नाय? वरच होत्या की. मान वर कर — ती ठिगळं दिसतात ना, माझा हात सरळ केला तर बोटं लागतात तिथं? तिथंच होत्या, हा पावसाळा संपेपर्यंत. मीच लावून घेतल्या होत्या, गवंड्याशी भांडून. आणि मीच उपटल्या, पहारीनं. एका दिवसात सातही. प्लास्टर पडलं तर पडलं.

आता हेही विचारणार की आधी एवढ्या वर का लावल्या. ऐक मग. माझा बाप मुरबाडकडचा, सिद्धगडाच्या पायथ्याचा. आमाला जमीन नाय, घर गावाच्या कडेला. एका शेतवाल्याकडं बाप राबायचा, त्याच्याबरोबर मीपण. त्याच्या पडवीत खुंट्या होत्या आठ. एकीवर त्याची टोपी, एकीवर भावाची छत्री, पाव्हणे आले की पाव्हण्यांचे कोट. एकीवर घोड्याचा लगाम होता. घोडा मरून चार वर्षं झाली होती, लगाम टांगलेलाच. आणि आमचे कपडे? कुंपणावर. बापाचं घोंगडं कुंपणावर, माझा सदरा कुंपणावर. मेलेल्या घोड्याला खुंटी होती, आमाला नव्हती. एक दिवस शेळीनं सदऱ्याची बाही खाल्ली. मी उघडाच उभा. शेतवाला पडवीत बसून हसला, न माझा बापपण हसला — मालक हसला म्हणून हसला. मी बारा वर्षांचा. पुढच्या साली आमची वस्ती बौद्ध झाली, बापानं ती पडवी सोडली ती कायमची, मरेपर्यंत त्या बाजूला बघितलं नाय. पण मी मनात धरून बसलो होतो. म्हटलं, माझं घर होईल तेव्हा माझी खुंटी असेल, न अशी असेल की दारात आलेल्याला मान वर करून बघावी लागेल.

मग सहासष्ट साली रेल्वेत लागलो, गँगमध्ये, उंबरमाळीच्या घाटात. खडी भरायची, रूळ बघायचे, ऊन नाय न पाऊस नाय. दोन वर्षांनी थंडीचा कोट मिळाला. तू बघितला नसशील तसला कोट — काळा, जाड, पोटरीपर्यंत, पितळेची बटणं. आख्ख्या वस्तीत कोट म्हणजे तो एकच. लोक बघायला आले, खोटं नाय सांगत. एकानं तर वास घेतला. त्या कोटासाठी ह्या खुंट्या तासल्या. कुडाचं घर होतं तेव्हा, ह्याच जागेवर. भिंत कारवीची, पण मेढी, म्हणजे खांब, चांगल्या सागाच्या, त्या मेढींत ठोकल्या. किती वर? मी हात सरळ वर केला, बोटं लागली तिथं. कोट जमिनीपासनं लांब पाहिजे, ओल लागते, वाळवी लागते. आणि दारातनं वाकून आत आलेला माणूस मान वर करतो, तर समोर काय — कोट.

बायको माझ्या काखेएवढी. आता म्हातारी म्हणतो, तेव्हा सतरा वर्षांची होती, लग्नाला वर्ष झालेलं. नाव काय म्हणजे? तुला काय करायचंय नाव? मी तिला कधी नावानं हाक मारली नाय, ‘ए’ म्हटलं की येते. यायची. — तिचा हात पोचत नव्हता हे दिसायला पाहिजे होतं म्हणतोस. कसं दिसणार? मी पहाटेचा चुलीपुढं बसलेला, चहाची बशी हातात, न कोट हजर. मागनं खांद्यावर यायचा. दुसऱ्या हातात डबा. एक दिवस नाय असं झालं नाय. तो कोट खुंटीवरनं खाली कसा येतो हे कोणी वळून बघतं का? तू सकाळी निघतोस तेव्हा तुझ्या चपला सरळ कोण लावून ठेवतं, बघितलंयस कधी? — बघ. मला शिकवतोय.

एकदा दिसलं. पायलीचं माप असतं ना भात मोजायचं, लोखंडी, ते खुंटीखाली पालथं पडलेलं, न त्यावर पायाचा ठसा. ओल्या पायाचा, एवढासा. मी तापलो. धान्याच्या मापावर पाय देतेस म्हणून बोललो. तिची आई आलेली होती, तिच्या समोर बोललो, मोठ्यानं बोललो. गप बसेन का मी, तेव्हा रक्त गरम होतं. तिनं माप उचललं, पुसलं, जागेवर ठेवलं. त्यानंतर ते कधी पालथं दिसलं नाय. मला वाटलं, मिटला विषय. मापाशिवाय कोट खाली कसा येतो, हा प्रश्न मला पडायला पाहिजे होता. नाय पडला. कोट येत होता ना. जो येतोय त्याचा कोण विचार करतो.

आता दुसरी गोष्ट ऐक, मग दोन्ही जोड. कुडाच्या घराची जमीन म्हणजे काय ही लादी नव्हती. दर पावसाळ्यानंतर ती उकरायची, नवीन तांबडी माती आणायची, पाणी मारून चोपायची, मग सारवण. बायकांचं काम. ती आणि शेजारच्या दोघी मिळून करायच्या, मी ड्यूटीवर. तर दरसाल काय व्हायचं, सगळी जमीन सारखी न खुंट्यांखालीच चढ. पहिल्या वर्षी बोटभर असेल. मग दोन बोटं. मग एवढा, वीतभर. मी खाट टाकायचो तिथं, खाटेचा पाय हलायचा, मी खालनं लाकडाचं चिपाट घालायचो न तिला शिव्या द्यायचो. हिला साधी जमीन चोपता येत नाय. आईनं काय शिकवलं. पाणी सांडलं तर तिकडनं इकडं धावत येतंय, माझ्या अंथरुणात. चार माणसांत हसलोय मी त्या चढावर — या, बसा, आमच्या घरात पण एक घाट हाय, उंबरमाळीचा घाट उतरून आलो की हा चढायचा. लोक हसायचे. तीपण हसायची. आणि दिवाळीच्या आधी परत एक पाटी माती जास्त, तिथंच, नेमकी तिथंच.

काय? कळलं? तुला लगेच कळलं. तू सुतार हायस, उंची-खालीचं तुझं कामच हाय. मला चाळीस वर्षं नाय कळलं.

आणि आता माझी अक्कल बघ. रिटायर झालो, मुकेश म्हणाला स्लॅबचं घर बांधू, बांधलं ह्या उन्हाळ्यात. जुनं पाडलं, जमीन सारखी केली, तो चढ दोन घमेल्यांत गेला. फावडं मारणारा म्हणाला, बाबा, इथं माती अशी दगडासारखी कशी बसलीय. मी म्हटलं, आमच्या बाईची कारागिरी. मग लादी बसली, गुळगुळीत, पाणी ओतलं तर मधोमध थांबतं अशी सपाट. आणि मी म्हटलं, बाकी तुमाला काय करायचं ते करा, खुंट्या माझ्या जुन्याच लागतील, न जुन्याच उंचीवर. गवंडी म्हणाला, उंची किती. मी हात सरळ वर केला, अडुसष्ट साली केला होता तसा. म्हटलं, ही. ती तिथंच होती. पदरानं हात पुसत उभी होती. भिंतीकडं बघितलं, मग खाली लादीकडं बघितलं. मला ते दिसलं, अजून दिसतं. बोलायचं ना तेव्हा. तोंड होतं ना.

पडली ती ऑक्टोबरात. त्याचं काय सांगायचं, पडली. माप घेतलं होतं परत, पालथं, लादीवर. लोखंड न लादी, सरकलं. कशाला चढली म्हणजे — कोट काढायला. पावसाळा संपला की कोटाला ऊन दाखवायचं असतं. नाय, आता घालत नाय मी, चार वर्षं झाली. पण ऊन दाखवायचं असतं. मी अंगणात होतो, मी फक्त म्हटलं कोट आण. म्हटलं म्हणजे — ओरडलो. दोनदा ओरडलो, ऊन चाललंय, पाय मोडलेत का तुझे. आणि आतनं आवाज आला, ठण्ण. मला वाटलं माप पडलं. मी तिथनंच विचारलं, माप फोडलंस का. मग आत गेलो.

तर ती खाली. लादी नुकतीच पुसलेली, ओली. कोट ओल्यात पडलेला. — ओला होत होता रे कोट. मी उचलला. झटकला. काय असा बघतोस? एवढाच वेळ, झटकायला लागतो तेवढा. मला काय माहीत हात मोडलाय, ती ओरडली नाय, रडली नाय, नुसती पडल्यापडल्या माझ्याकडं बघत होती, कोट झटकताना. मग म्हणाली —

“आता तो कोट तुमीच टांगा.”

एवढंच. त्यानंतर माझ्याशी सरळ शब्द नाय.

शहापूरला नेली, प्लास्टर घातलं. मी बाहेर बाकड्यावर बसलेलो. सून आली, पल्लवी, बारावी झालेली हाय, बोलायला भीत नाय. मला म्हणाली, “बाबा, आई दरसाल खुंट्यांखाली पाटीभर माती जास्त का टाकायच्या, तुमाला कधी कळलं का?” मी म्हटलं, काय बोलतेस. ती म्हणाली, विचार करा. न गेली आत. विचार करा म्हणे. सासऱ्याला. बाकड्यावर बसून मी विचार केला, न तेव्हा कुठं कळलं. तिनं सुनेला सांगितलं, बघ. शेजारणींना माहीत होतं, त्या माती टाकायला मदत करायच्या, त्या हसायच्या ते कशाला हसायच्या ते आता कळतंय मला. सगळ्या वस्तीला माहीत. फक्त ज्याची खुंटी त्याला नाय.

दवाखान्यातनं ती इकडं आलीच नाय. लेक हाय वाशिंदला, रत्नप्रभा, जावई कारखान्यात, तिच्याकडं गेली. दोन महिने झाले. प्लास्टर निघालं, पण हात खांद्याच्या वर जात नाय. मी गेलो होतो एकदा. बसलो, चहा घेतला, पाण्याचं बोललो, भाताचं बोललो. भिंतीला बघतो तर लेकीनं हूक मारलेत, खाली, एवढ्यावर — न त्याच्यावर हिची पिशवी, हिची शाल, हिचा टॉवेल, ओळीत. ती बसल्याजागी हात लांब करून टॉवेल घेत होती. मला ते बघवेना. मी म्हटलं, कधी येतेस. तर भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाली, बघू. परत येताना आसनगावला एकजण म्हणाला काका सरका, त्याच्यावर खेकसलो.

आज येतेय. पल्लवी आणायला गेलीय. पण राहायला नाय येत, हे तू ध्यानात घे. उरलेल्या साड्या न्यायला येतेय. ट्रंकेत सहा-सात साड्या हायत, त्या एकदा नेल्या की मग इथं तिचं काय राहिलं? एक माप राहिलं. म्हणून तुला म्हणतोय, साडेतीन.

उंची कशी काढली ते विचार, ते विचारत नायस. माझ्यापुढं प्रश्न पडला, हिचा हात कुठवर पोचतो? चाळीस वर्षं झाली न मला माहीत नाय. मुकेशला विचारावं तर तो कारणं विचारणार. तिला विचारायचं? का विचारू? मग मागच्या अंगणात गेलो तर कपड्यांची दोरी गळ्याला लागली. कायम लागते. शेवग्यापासनं खांबाला तिनं बांधलेली, माझ्या गळ्याच्या उंचीवर, मी दोनदा वर करून बांधली तर दोनदा खाली आली. तिथंच उभा राहिलो. म्हटलं, ही एकच वस्तू हाय घरात जी तिनं तिच्या हातानं लावली. काठी आणली, दोरीला टेकवली, कोळशानं खूण केली. मग तो मोडका हात — त्याच्यासाठी एक वीत खाली. ती तुझी खूण.

तर आता ऊठ, उभा राहा, समजावून देतो, लाइट आली की घोळ नको. दाराशी एक, छत्री-पिशवीची, उघडल्यावर दार आपटणार नाय एवढी सरकवून. स्वयंपाकघरात एक, ओट्याच्या डाव्या अंगाला — डाव्या, उजवा हात मोडलाय. न्हाणीत एक, पाण्याच्या नळापासनं लांब, नायतर कपडे भिजतात. ट्रंकेच्या वर दोन, साड्यांना. राहिल्या दोन, त्या इथं बाहेरच्या खोलीत, समोर. दारामागं एकपण नाय. मुकेश काल म्हणाला, बाबा, आईपुरती एक खाली लावू, न्हाणीच्या बाजूला, बाकी सगळ्या नीट वर लावू, पाव्हणे येतात, काय म्हणतील. मी त्याला म्हटलं, सगळ्यांच्या वर न तिची एकटीची खाली, ती पण मोरीकडं? ते कुंपणच झालं की रे. त्याला नाय कळलं, त्याचा सदरा कधी शेळीनं खाल्लेला नाय. पाव्हण्यांना वाकू दे. मुकेशला वाकू दे, जिममध्ये जाऊन वाकतो, घरात वाकायला काय होतं. मीपण वाकीन.

कोट? कोट लोळेल म्हणतोस. मला कळत नाय होय, एवढ्या खाली टांगला तर खालची कड जमिनीला लागणार. लोळू दे. काय तो कोट, आता काय घाटात गाडी थांबवायची हाय त्याला घालून? माझा मी टांगीन, न लोळला तर लोळला.

हां, आणि पल्लवीचं ऐकू नको. ती येईल न तुझ्यासमोर पण सुरू करेल — बाबा, एकदा आईंची माफी मागून टाका. मी? मी काय लपवलं? माझा ओरडा तर वस्तीला ऐकू जायचा. लपवलं कोणी? माझ्या नाकासमोर, पाटी पाटी माती, चाळीस वर्षं, ओढ्यावरनं डोक्यावर आणून, न मी शिव्या देतोय तरी एक शब्द नाय. मी त्या चढावर हसलो न ती माझ्याबरोबर हसली. बाप हसला होता तशी हसली. एकदा म्हणायचं होतं, अहो, खुंटी खाली घ्या. दोन ठोके मारायचं काम. घेतली नसती का मी? — घेतली नसती. बरं, अडुसष्ट साली नसती घेतली. सत्तर साली पण नसती घेतली. पण सांगायचं तर. माझ्या घरात माझ्यासाठी कोणी जमीन वर उचलत होतं, न मला त्याच्यावरनं बोलत राहू दिलं, येड्यासारखं, म्हातारा होईपर्यंत. ह्याला काय म्हणायचं? ह्याची माफी नाय?

पंखा हलला. आली लाइट. चल, लाव पिन. दाराचं पहिलं. कोळशाच्या बरोबर मधी धर — खाली, अजून खाली, हां. आणि ती आली की तू तोंड उघडायचं नाय, मी काय बोललो त्यातलं एक अक्षर नाय. ती बघेल भिंतीकडं. बघू दे. पहिलं तिनं बोलायचं, माझ्याकडं तिची माफी राहिलीय. कोणाची, नाव काय, काय परत परत विचारतोस — मार भोक.

गोजाबाईची.